दोन एमजीची गोळी

३ नोव्हेंबर, सोमवार

त्या सकाळी मी आधी पाणी भरलं. दोन बॅरल, मग स्वयंपाकघरातलं पिंप. दूध गॅसवर ठेवून दार झाडायला गेले, तोवर दूध उतू गेलं. हे म्हणाले, राहू दे, उरलंय तेवढ्यात चहा होतो की. मी ओटा पुसत होते तेव्हा हे चपला घालून पुढं औषधाच्या दुकानात गेले. मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. शटर अर्धं वर केलं आणि तिथंच खाली बसले. मग शेजारचे हाका मारत आले.

आज ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. फडक्याला चिकटलेली ती साय अजून डोळ्यांपुढून जात नाही.

शुभूचा फोन आला. फार्मसीचं तिसरं वर्ष तिचं. या वेळी कायद्याचा विषय आहे म्हणे. "आई, रडलीस का?" म्हटलं गिऱ्हाईक आलंय, ठेव. आलं नव्हतं.

९ नोव्हेंबर, रविवार

शुभू वारणानगरहून आली. दुपारी शटर ओढून दुकानातच पुस्तक घेऊन बसली. मी शेजारी. मी सातवीपर्यंतची. इंग्रजी अक्षरं ह्यांनी औषधांच्या खोक्यांवरनं शिकवली. मग डिक्शनरी घेऊन मी शुभूची पुस्तकं वाचायला लागले. पहिल्या वर्षाची अर्धी कळली. या वर्षाची पानाला दोन ओळी.

तिनं वाचून अर्थ सांगितला. फार्मासिस्ट हजर नसेल तर चिठ्ठीवरचं औषध द्यायचं नाही.

"मग गिऱ्हाइकाला काय सांगायचं?"

"थांबा म्हणायचं."

"ताप थांबतोय व्हय?"

हसली. मग भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडं बघत राहिली. ते जमादार सरांचं. ह्यांचे मित्र, सरकारी दवाखान्यातनं रिटायर झालेले फार्मासिस्ट. हे गेल्यावर आपणहून आले. तेव्हापासून दुकान त्यांच्या सर्टिफिकेटवर चालतं. गुडघे गेलेत, अकरा ते एक येतात. बाकी वेळ मी.

"दीड वर्ष राहिलं, आई. मग इथं माझं लागेल."

एवढ्यासाठीच तर चाललंय सगळं.

१५ नोव्हेंबर, शनिवार. एकादशी

तालमीच्या बोळातली हौसाक्का सकाळी घामानं भिजून पडली. पंच्याहत्तरीच्या पुढची. सुनेनं साखरपाणी पाजलं, रिक्षातनं नेलं, सलाईन लावलं. दुपारी बोलायला लागली. साखर फार उतरली होती. डॉक्टर म्हणाले, उपास धरून साखरेची गोळी घेतली, दुसरं काय होणार.

सून दुकानात येऊन सांगून गेली. "एकादस नडली बघा काकू."

मीपण म्हटलं, या वयात उपास कशाला.

१६ नोव्हेंबर, रविवार

हौसाक्काला घरी आणलंय. बघायला गेले. उशाशी गोळ्या होत्या, बोलता बोलता उचलल्या.

आमच्या डब्यातला तुकडा. लोक पाच-पाच गोळ्या नेतात. मग स्ट्रिप कात्रीनं कापायची, उरलेला तुकडा डब्यात टाकायचा. ह्यांच्या वेळेपासूनची पद्धत. गुरुवारी हौसाक्का जुना रिकामा तुकडा घेऊन आली होती. त्यावर औषधाचं नाव राहिलेलं, किती एमजी ते कापलेल्या बाजूला गेलेलं. कापला मीच असणार. नाव जुळलं. डब्यातनं तसलाच एक काढून दिला. दोन्हीकडनं रुपेरी कागद, आतली गोळी दिसत नाही.

घरी येऊन डबा उपडा केला. जोडीचा तुकडा सापडला, कडेला कड बरोबर बसली.

२ एमजी. ती एक एमजीची घेते. सात वर्षं तीच घेते, मला पाठ आहे.

गुरुवारी दिली तेव्हा अकरा वाजायचे होते. सर नव्हते. हे नव्हते. मी होते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी एक एमजीच्या नेऊन दिल्या, दोनच्या परत आणल्या. विचारलं तर म्हटलं, कंपनी बदललीय.

हौसाक्कानं माझं तोंड कुरवाळलं. "किती काळजी गं बाई तुला."

त्या दिवशी ती उठलीच नसती तर...

१९ नोव्हेंबर, बुधवार

शुभूचा फोन. कॉलेजनं एकेका औषध दुकानाची माहिती फॉर्मात भरून आणायला सांगितलीय. तिनं आपलंच घेतलं. एकेक प्रश्न वाचत गेली. फ्रिज रोज तपासता का. मुदत संपलेला माल वेगळा ठेवता का. मी हो हो म्हणत गेले.

"गेल्या वर्षभरात औषध देताना चूक झाली का? हो का नाही, एवढंच सांग."

"नाही."

"मला ठाऊकच होतं. मॅडमना सांगितलंय मी, माझी आई शिकलेल्यांना भारी आहे."

संध्याकाळी स्वयंपाक केला, झाकून ठेवला. नुसती बघत बसले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

जमादार सरांना सगळं सांगितलं. चष्मा पुसता पुसता म्हणाले,

"वहिनी, गोळी तुम्ही दिली. पण रिकामी खुर्ची माझी होती."

"बंद करू का दुकान?"

"मग शुभू कुठं येणार?"

जो माणूस गुडघे धरून पायरी चढतो त्याला दिवसभर बसा कसं म्हणू? दुसरा फार्मासिस्ट कुठला आणू? सर आल्याशिवाय उघडायचं नाही म्हटलं तर दोन तासांचं दुकान. लोक दुसरीकडं जातील, परत येणार नाहीत. मी बोलून दाखवलं.

उठताना सर म्हणाले, "आधी म्हातारीला सांगा. मग पोरीला. तिचं नाव इथं लागणार. तिला अंधारात ठेवून लावू नका."

तुकड्यांचा डबा सर पिशवीत घालून घेऊन गेले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

हौसाक्काकडं गेले. सून मेथी निवडत होती.

"आक्का, तुम्हाला चक्कर आली ती उपासानं नव्हं. मी गोळी चुकीची दिली. दुप्पट."

"ती हिरवी व्हय? मला वाटलं कंपनीनं रंग बदलला."

"कंपनीचं मी खोटं सांगितलं. मीच चुकले."

"गप बस. तुझा नवरा देवमाणूस. त्येच्या दुकानातनं वंगाळ गोळी येतीय व्हय? एकादस नडली मला. पुढच्या एकादशीला चार वेळा शाबू खातो, मग तर झालं?"

पुन्हा सांगितलं. ऐकेचना. उलट मलाच समजावत बसली, नवरा गेल्यापासनं तुझं डोकं ठिकाणावर न्हाई म्हणाली.

सुनेनं जुडी खाली ठेवली होती. मी निघाले तर उठलीपण नाही. तिला कळलंय. आता ती कुणाला सांगेल, काय करेल, माझ्या हातात नाही. करायला पाहिजे तेच करेल.

शुभूला दोनदा फोन लावला, उचलायच्या आत बंद केला. परीक्षा तोंडावर आलीय. आता सांगितलं तर अभ्यास मोडेल. नंतर सांगितलं तर माझं खोटं तिच्या नावानं जमा झालेलं असेल. ह्यांना विचारलं असतं तर चटकन बोलले असते. काय बोलले असते ते मात्र मला सुचत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

दुकान उघडलं नाही. आठच्या एसटीनं वारणानगरला गेले. शुभूला होस्टेलच्या दारात बोलावलं, तो फॉर्म आणायला लावला, आणि तिच्यासमोर 'नाही' खोडून माझ्या हातानं 'हो' लिहिलं.