दीडपट दाब

४ फेब्रुवारी
घरी आलो. छातीवर मधोमध टाके, डाव्या पायावर घोट्यापासून मांडीपर्यंत टाके. बाकी तब्येत एक नंबर. हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्या तुंबल्या होत्या, म्हणून चार बायपास केले. सर्जन म्हणाले, ऑपरेशन छान झालं, बहुतेक पेशंट यानंतर वर्षानुवर्षं उत्तम जगतात. बहुतेक म्हणजे मी. पुढे ते आणखी काहीतरी बोलले, पण बायकोकडे बघून बोलले, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही.
संकल्प: सिगारेट बंद. जन्मात पुन्हा नाही.
खोकला आला की छातीशी घट्ट धरायला एक उशी मिळाली आहे. तीस वर्षं प्लंबिंगची कंत्राटं घेतली, पण गिऱ्हाइकाला उशी द्यावी हे कधी सुचलं नाही.

८ फेब्रुवारी
शुद्ध फसवणूक.
हॉस्पिटलात शेजारच्या बेडवर होते त्या मास्तरांचा फोन आला. त्यांचंही माझ्याच दिवशी ऑपरेशन झालं. ते म्हणाले, तुंबलेल्या नळ्या काढतच नाहीत. त्या आत तशाच राहतात, बाजूने फक्त वळसा घालून दुसरी लाइन टाकतात. आणि ती लाइन तरी नवी? माझ्याच पायातली शीर काढून वर लावली. म्हणजे सेकंडहँड माल, तोही माझाच. गिऱ्हाइकाच्या बाथरूममधला पाइप उपटून मी त्याच्याच किचनला जोडला असता तर त्याने मला जिन्यावरून ढकललं असतं.
सर्जनला जाब विचारायचा. सोडायचं नाही.

१७ फेब्रुवारी
जाब विचारला. सर्जन शांतपणे म्हणाले, तीन शिरा पायातल्या, एक छातीतलीच, आणि सगळीकडे असंच करतात. मी गॅरंटी विचारली.
"गॅरंटी तुमच्याकडेच आहे," ते म्हणाले. "सिगारेट ओढलीत तर या लाइनीही तुंबतील. मी काही करू शकणार नाही."
जबाबदारी झटकणारा माणूस. आमच्या धंद्यात असे पुष्कळ पाहिलेत.
बायकोने जिने, मीठ, झोप, चिडचिड असे सगळे विषय काढले. एकही माझ्या बाजूने नव्हता.

२५ फेब्रुवारी
धाकटा भाऊ दिवसातून चारदा फोन करायचा. दादा, इथे कुठला व्हॉल्व्ह, तिथे किती इंची लाइन. आठवडाभर एकही फोन नाही. याचा अर्थ साइटवर पार गोंधळ असणार आणि सांगायची लाज वाटत असणार.
सात मजली इमारतीचं काम आहे. मे महिन्यात पाण्याची टेस्टिंग. ती बघून बिल्डर पुढच्या दोन इमारती देणार. टेस्टिंगला मी उभा असलो तर मी शेठ. नसलो तर शेठ धाकटा, आणि मी दुकानात खुर्चीवर बसून नळाचे वॉशर विकणार.
तेव्हा मे महिन्याच्या आत ठणठणीत होणे. रोज चालणे. उद्यापासून.

२ मार्च
आज एक ओढली. गच्चीवर, टाकीमागे. सिगारेट सोडलेलीच आहे, ही सोडल्यानंतरची. धाकट्याने टेन्शन दिलं नसतं तर ओढलीच नसती.
चालणे: गच्चीपर्यंत जाऊन आलो, ते धरायला हरकत नाही.

११ मार्च
मास्तरांनी दगा दिला.
आमचं बेडवर पडल्या पडल्या ठरलं होतं, महिन्याभराने बागेत भेटायचं आणि एकेक ओढून पुन्हा सुरुवात करायची. आज गेलो. मास्तर पांढरे बूट घालून झपाझप चालत होते. म्हणाले, मी सोडली हो. मला न विचारता! वर मलाच म्हणाले, चला, दोन फेऱ्या मारू. माझ्या पायात चपला होत्या, म्हणून नाही म्हटलं. पाकीट मीच आणलं होतं, तेव्हा त्यांच्या वाटणीचीही मला ओढावी लागली.

६ एप्रिल
रोज एकच ओढतो. सकाळची धरत नाही, ती पोट साफ होण्यासाठी असते.
छातीत काही नाही. जिना चढताना जरा जडपणा वाटतो. नव्या लाइनीत पाणी सोडलं की सुरुवातीला हवा अडकते, तसलंच. आपोआप निघते.

१९ एप्रिल
दुपारी झोपलो आहे असं समजून बायको आणि धाकटा स्वयंपाकघरात बोलत बसले होते. माझ्या घरात, माझ्या कपातून चहा पीत. धाकटा म्हणाला, वहिनी, दादाला टेस्टिंगला आणायचं नाही, सात मजले आहेत. ती म्हणाली, तारीख सांगूच नका. कप विसळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली,
"त्यांच्या शर्टाला वास येतो. मी विचारत नाही. विचारलं की खोटं बोलतील, आणि मला ते ऐकून घ्यावं लागेल."
म्हणजे माझ्यामागे ही माझे शर्ट हुंगते. तीस वर्षांचा संसार, आणि हा विश्वास. खूप वाईट वाटलं. इतकं की पाचला टाकीमागे जाऊन दोन ओढल्या.

२३ मे
आमच्याच एका पोराकडून तारीख काढली. परवा.
प्लॅन पक्का आहे. नवी लाइन टाकली की आम्ही ती दीडपट दाबाने तपासतो. रोजचा दाब जेवढा, त्याच्या दीडपट दाब चढवायचा आणि ठेवायचा. तेवढ्याला टिकली तर लाइन पास. सर्जनने माझी अशी टेस्टिंग केलीच नाही, नुसतं शिवून घरी पाठवलं. ती मी करणार. लिफ्ट नाही. सातही मजले पायी, न थांबता. वर पोचलो की धाकट्याच्या हातातून पाना घ्यायचा आणि बिल्डरशी स्वतः बोलायचं. बायकोला सांगितलं, सलूनमध्ये जातोय म्हणून. म्हणजे परवा सांगणार.

२५ मे, सकाळी ९
निघतोय. दाढी केलेली आहे हे तिच्या लक्षात आलं नाही.

२७ मे
आयसीयूमध्ये वही देत नाहीत. आज वॉर्डात आणलं.
पहिले तीन मजले फक्कड. चौथ्यावर हवा अडकली. पाइपांच्या मोळीवर जरा टेकलो, म्हटलं निघेल. घाम सुटला, डावा हात जड झाला. मग आमच्याच पोरांनी खाली उचलून आणलं. पाय धरणारा मला कामाला लागल्यापासून शेठ म्हणतो. परवा ओरडत होता, "शेठला सांगा, मोठे शेठ पडले."

२९ मे
अँजिओग्राफी झाली. छातीतली लाइन चांगली आहे. पायातल्या तिन्हींपैकी एक बंद, एक निम्मी तुंबलेली. चार महिन्यांत! सर्जन म्हणाले, पुन्हा उघडून करण्यासारखं नाही, गोळ्यांवर राहावं लागेल, आणि साइट विसरा. या वेळी ते माझ्याकडे बघून बोलले. बायको खोलीत होती, पण तिने एकही प्रश्न विचारला नाही. पाण्याची बाटली भरून ठेवली आणि गेली.
ग्राहक मंचाकडे तक्रार करायची. काम निकृष्ट.

३० मे
धाकटा एकटाच आला. टेस्टिंग परवा पुन्हा लावली होती, एक थेंब गळला नाही, बिल्डरने दोन्ही इमारती दिल्या. तो माफी मागेल म्हणून थांबलो. मागितली नाही. बायको कुठे आहे विचारलं. म्हणाला, झोपलीय, चार महिन्यांनी पहिल्यांदा, उठवू नका म्हणाली.
मग मी तक्रारीचा मसुदा वाचून दाखवला. लाइन टाकणाऱ्याची जबाबदारी वगैरे. त्याने शेवटपर्यंत ऐकला.
"दादा, आपण चांगली लाइन टाकून देतो आणि घरमालक तिच्यात राख आणि गाळ सोडतो. चार महिन्यांनी तुंबली म्हणून बोंबलत येतो. तेव्हा तू कुणाला शिव्या घालतोस?"
"घरमालकाला," मी म्हणालो. पटकन. तीस वर्षांची सवय.
तो हसला नाही. संत्रं सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं, अर्धं स्वतः खाल्लं.