तुमच्या तोरणावरचा खडू

प्रिय शैलाताई,

‘प्रिय’ लिहिताना पेन जरा अडखळलं, खोटं कशाला सांगू? तुम्ही होतात तोवर मी तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. श्रीरामपूर ते काय लांब, आणि हातात मोबाईल होताच. पण मोबाईलवर तरी आपण विहिणी-विहिणी ‘जेवण झालं का’ आणि ‘ऊन फार वाढलंय’ याच्या पुढे कधी गेलो?

आज मात्र लिहायलाच हवं. तुम्ही नातीसाठी केलेलं तोरण आज दुपारी आमच्या सावेडीच्या घरात लागलं. छोट्या खोलीत, पाळण्याच्या वर. ते लागेपर्यंत मी काय उद्योग केले हे तुमच्या लेकीला कळलंय. तुम्हालाही ते माझ्याच तोंडून कळलेलं बरं.

आधी एक सांगून टाकते. मी तुमच्यावर जळत होते. अगदी साखरपुड्यापासून!

आठवतंय? साखरपुड्यात तुम्ही मला एकदाच पाहिलंत, आणि लग्नाच्या आहेरात ब्लाउज शिवून आणलात. माप नाही, जुना ब्लाउज मागितला नाही, काही नाही. मी घालून बघितला तर जसा काही अंगावरच बेतलेला. लग्नात चार जणींनी विचारलं, कुठे शिवलात हो? माझ्या मुलाचं लग्न, नटले मी, आणि कौतुक कुणाचं, तर तुमचं. मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पण साधं बटण लावायचं तर माझं ते वाकडंच लागतं. हे तुम्हाला तिसऱ्या भेटीत कळलं. तुम्ही काही बोलला नाहीत, गुपचूप माझ्या निखिलच्या शर्टाचं बटण काढून पुन्हा लावून दिलंत. बोलला असतात तर परवडलं असतं!

मग तुमच्या ऋतुजाचं डोहाळजेवण. बायका ओटी भरून बसल्या होत्या आणि तुम्ही पिशवीतून जुनी कापडं काढलीत. ऋतुजाचा शाळेतला निळा फ्रॉक, तिच्या वडिलांचा चौकड्यांचा शर्ट, तुमची विटलेली पिवळी साडी.

“ताई, बाळाच्या खोलीत लावाया तोरण करते. झेंड्याझेंड्यांचं. जुनं कापड मऊ असतंय. तुमची बी एखादी साडी द्या की.”

मी म्हणाले, “जुन्या साड्या सगळ्या भांडीवालीला देऊन टाकल्या हो.”

थाप! माळ्यावर दोन गाठोडी होती. पण माझ्या साडीचं तुम्ही काहीतरी सुंदर करणार, आणि त्याचंही नाव तुमचंच होणार, हे मला सोसवेना. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी सगळ्यांदेखत पुढे म्हणाले, “आणि बाळ यायच्या आधी काही शिवायचं नसतं, शैलाताई. माहीत नाही का तुम्हाला?”

शैलाताई, माझा यावर काडीचा विश्वास नाही. गावोगावच्या आयांना मी पालकसभेत सांगत आले, असलं काही मानू नका म्हणून. पण त्या दिवशी ते बोलणं माझ्या कामाचं होतं. तुमचा चेहरा क्षणभर उतरला आणि मला बरं वाटलं. हेही लिहूनच टाकते.

तुम्ही लगेच हसलात. “बरं, न्हाई शिवत. नुस्तं कापून ठिवते, आन् वर जरा येल काढते. भरतकाम म्हंजी काय शिवनं न्हवं. जोडायचं बाळ आल्यावर. मग तर झालं?”

सगळ्या हसल्या. त्या हसण्यात तुम्हीच जिंकलात.

तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं ना? पोटातलं ते दुखणं, डॉक्टर काय म्हणाले ते? लेकीला सांगितलं नाहीत, समजू शकते. पोटुशी पोर. पण मला? मला एक फोन केला असतात तर काय बिघडलं असतं? मला माहीत असतं तर मी तसं बोलले नसते. नसते ना? खरंच सांगते, मला अजून खात्री नाही.

पाच आठवड्यांत तुम्ही गेलात.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते माझ्याकडे झालं. वाटलं, आता तरी सगळं माझं. शेक-शेगडी मी केली, डिंकाचे लाडू मी वळले, पोरीला पायांवर घेऊन पहिल्यांदा न्हाऊ मी घातलं. ऋतुजानं लाडू खाल्ला, म्हणाली, “छान झालेत, आई. मम्मी खसखस थोडी जास्त घालायची.” तुमचे भाऊ-भावजय बाळाला बघायला आले, तिची लांब बोटं बघून म्हणाले, “ही तर शैलाच्या वळनावर गेली. मशीनवर बसनार बघा!” अहो, दोन आठवड्यांची पोर! तिनं अजून डोळे नीट उघडले नव्हते आणि तुमची माणसं तिला शिलाई मशीनवर बसवून मोकळी! जिवंत माणसाशी भांडता येतं, चुका काढता येतात. तुमच्या चुका कुठून काढू? तुम्ही दिवसेंदिवस चांगल्याच होत चाललात.

गेल्या आठवड्यात ऋतुजानं ती पिशवी माझ्या हातात दिली. “आई, तुम्ही जोडाल का? मला उघडवतच नाही.” नाही कशी म्हणणार?

ती बाळाला घेऊन झोपली होती तेव्हा मी पिशवी उघडली. पंधरा झेंडे, तिकोनी, कडाही भरतकामाच्याच टाक्यानं बांधलेल्या. प्रत्येकावर हिरव्या दोऱ्यानं वेल. सुरेख म्हणजे किती सुरेख! आणि पाठीमागे तुमच्या टेलरच्या खडूनं आकडे. आकड्यांखाली अक्षर. पहिल्यावर लिहिलं होतं, ‘ताई, हितनं सुरवात.’

मी दचकलेच. ताई म्हणजे मी! म्हणजे जोडायला तुम्ही नसणार आणि मी असणार, हे तुम्ही ठरवूनच ठेवलं होतंत. एकेक झेंडा उलटा केला, सगळं वाचलं. दोनदा वाचलं. मग जो राग आला! जातानाही मला शिकवून चाललात? माझ्याच घरात, माझ्याच नातीसाठी, मी काय आणि कसं करायचं ते पाठीमागे लिहून?

उठले, बादली घेतली, कोमट पाण्यात पावडर टाकली आणि पंधराच्या पंधरा झेंडे भिजवले. मनाला म्हटलं, बाळाच्या खोलीत लावायचे, धुवायला नकोत का? पण शैलाताई, खडू पाण्यानं जातो हे मला कुणी सांगायला हवं होतं का? तीस वर्षं खडूतच गेली माझी. मला ठाऊक होतं. मी ठाऊक असूनच धुतले.

वाळल्यावर पाठी कोऱ्या करकरीत. मग मी माझ्या मनानं रंगसंगती लावली, निळ्याशेजारी पिवळा, पिवळ्याशेजारी चौकडी. झेंडे एका लांब पट्टीला हातानं टाके घालून जोडले, बोटं टोचून घेतली. काल सकाळी निखिलनं स्टुलावर चढून ते लावलं. तो खाली उतरला आणि आम्ही तिघंही बघतच राहिलो. वेल एका झेंड्यात वर जात होता, पुढच्यात एकदम खालून निघत होता, मध्येच तुटत होता. वेल मुळात सलग होता! या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच. तुम्ही आकडे उगीच टाकले नव्हते.

निखिल म्हणाला, “छान दिसतंय की.” बिचारा.

ऋतुजा म्हणाली, “मम्मीनं असं नसतं ठेवलं. नंबर टाकले असतील तिनं. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या तुकड्यांवर पण टाकायची.” तिनं तोरण उतरवायला लावलं, एकेक झेंडा उलटा करून बघितला. कोऱ्या कापडावरनं अंगठा फिरवत राहिली. मग बारीक आवाजात म्हणाली, “विसरली असेल. शेवटी शेवटी तिला सुचत नव्हतं.”

तिथं मला राहवलं नाही. तुम्ही माझ्यापेक्षा सरस होतात म्हणून मी कितीही जळले असेन, पण तुमच्या लेकीनं तुम्हाला विसराळू समजावं? माझ्यामुळे? मी निखिलला बाहेर पाठवलं आणि तिला सगळं सांगितलं. आकडे, अक्षर, बादली. “धुऊन जाईल हे मला माहीत होतं,” हेसुद्धा.

ती उठली. बाळाला उचलून आत गेली. दार लावलं नाही, पण मला आत जायचा धीर झाला नाही. चहा केला, तिचा कप तसाच निवला. कालचा अख्खा दिवस घरात फक्त बाळाचा आवाज. मला वाटलं, गेली ही. माझी सून म्हणून राहील, पण ‘आई’ म्हणताना आता विचार करील.

आज सकाळी पोरीला न्हाऊ घालून मी तिला दुपट्यात गुंडाळत होते. ऋतुजा येऊन समोर बसली. रात्रभर रडलेली दिसत होती.

“काय लिहिलं होतं?”

“कुठल्यावर?”

“सगळ्यांवर. तुम्ही वाचलं होतंत ना?”

वाचलं होतं. आणि शैलाताई, मला सगळं पाठ होतं! रागानं वाचलेलं जास्त लक्षात राहतं की काय कोण जाणे. ‘ताई, हितनं सुरवात’ हे निळ्या फ्रॉकच्या तुकड्यावर. ‘हळू, ह्ये कापड लई जुनं हाय’ हे पिवळ्या साडीवर. ‘हा मधला, खिळा हितं’ हे शर्टाच्या खिशाच्या तुकड्यावर. मी एकेक सांगत गेले, ती माझे टाके उसवून एकेक झेंडा जमिनीवर मांडत गेली आणि वेल आपोआप पुढे सरकत गेला. दोन जागी मी क्रमात अडले, तिथं वेलानं सांगितलं.

अकराव्यावर मी सांगितलं, “‘दमला असाल, आता च्या घ्या.’”

ऋतुजा हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा! आणि रडायला लागली, आणि पुन्हा हसली. “परत म्हणा ना, आई. अगदी तिच्यासारखं म्हणालात.”

सांगू? त्या क्षणीही मी जळले. दोन-अडीच महिने मी त्या पोरीला हसवायला काय काय केलं, आणि ती हसली ती तुमच्या एका वाक्याला. तुम्ही इथं नसताना! पण मी परत म्हणाले. तिनं तिसऱ्यांदा म्हणायला लावलं, तिसऱ्यांदाही म्हणाले. मग आम्ही दोघींनी मिळून माझे उरलेले टाकेही उसवले आणि झेंडे नव्यानं पट्टीला जोडले.

‘ताई, गाठ घट्ट नका मारू, धुवाया काढावं लागंल,’ हे शेवटच्यावर होतं. गाठ ऋतुजानं मारली.

आता तुमचं ते अक्षर कुठेही नाही. माझ्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही. ज्या बाईनं ते पुसलं, तिच्याच डोक्यात तेवढं उरलंय. तुम्हाला हा काय न्याय वाटतो?

ऋतुजा म्हणत होती, कागदावर उतरवून द्या. देईन. पण कागदावर तुमचा आवाज येत नाही, तो माझ्या तोंडी आलाय, मला नको असताना. म्हणून शब्द देते. आपली नात बोलायला लागली, की तिला तोरणाखाली बसवून पहिल्यापासून पंधराव्यापर्यंत सगळं म्हणून दाखवीन, तुम्ही लिहिलं होतंत तसंच. ती विचारील, हे कोण बोलतंय, तर तुमचं नाव सांगेन. माझी शाळेतली सवय तुम्हाला माहीत आहे, मध्येमध्ये समजावून सांगायची, दुरुस्त करायची. तेवढं करणार नाही. माझा एकही शब्द त्यात घालणार नाही.

तुमच्यावर अजूनही जळणारी,

मंगल