पहिल्या डबीचा रिपोर्ट

मंगळवार, ता. ४

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

ऑक्सिजनच्या मास्कमुळे तुला बोलता येत नाही आणि फोनच्या बारीक अक्षरांशी तुझं जुनं वैर, म्हणून हे पत्र. नर्सताई आत आणून देतील. उत्तर त्यांना वॉर्डच्या काचेला लावून धरायला सांग. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याचं अक्षर मला रस्त्यापलीकडूनही वाचता येईल.

तुझा ताप पुन्हा चढलाय. करोनाने पोखरलेल्या फुप्फुसात कधी कधी दुसराच जंतू घर करतो, दुष्काळात तेरावा महिना. डॉक्टरांनी अंदाजाने त्याचं औषध सुरू केलंय, पण त्याचा तुझ्या मूत्रपिंडांवर ताण येतोय. जंतू आहे की नाही ते तुझ्या कफावरून खाली माझ्याच लॅबमध्ये ठरेल. नसला तर औषध बंद. तेव्हा डबीत खोलवरून खोकून दे, नुसती थुंकी नको. वहिनी विलगीकरणात घरात एकटी कोंडलीय, पण जेवते.

ओरडायला का होईना, लवकर घरी ये.
तुझी,
भिंगू

बुधवार, ता. ५

चि. भिंगूस,
अ. उ. आ.

लहानपणी तुझं नाक मी पुसलं, आता माझा कफ तू भिंगाखाली धरणार! लाज वाटते गं. खोकलो की बरगड्या चिरल्यासारख्या दुखतात आणि मग किती तरी वेळ श्वास सापडत नाही. काल शेजारच्या खाटेवरचे मास्तर खोकता खोकताच गेले. जमलं तेवढं डबीत टाकलंय. पुन्हा मागू नकोस, हात जोडतो. मी घाबरलोय, हे वहिनीला सांगू नकोस.

तुझ्या भरवशावर पडलेला,
दादा

शुक्रवार, ता. ७

ती. स्व. दादास,
सा. न.

रिपोर्ट स्वच्छ आला. दुसरा जंतू दिसला नाही. पुन्हा डबी द्यायला नको. लॅबमध्ये कामाचा ढीग आहे, म्हणून एवढंच.

तुझी,
भिंगू

शनिवार, ता. ८

चि. भिंगूस,
अ. उ. आ.

शाब्बास! डॉक्टरांनी ते औषध थांबवलं. तुझ्या रिपोर्टची प्रत नर्सताईंकडून मागून उशीखाली ठेवलीय. घरी आलो की तुझ्या लॅबला झकास पाटी रंगवून देईन, निळ्यावर पांढरी. अक्षर वाकडं आलंय, हसू नकोस. कालपासून थंडी वाजून येते, पण तू म्हणतेस म्हणजे काही नसणार.

वहिनीला जप.
तुझा,
दादा

मंगळवार, ता. ११

ती. स्व. दादास,
सा. न.

तुझ्या घशात नळी घातली. शुद्धीवर आलास की नर्सताई हे तुला वाचून दाखवतील.

दादा, पहिल्या डबीत कफ नव्हताच, थुंकी होती. भिंगाखाली धरताक्षणी मला कळलं. असा नमुना रद्द करून दुसरा मागवायचा, हा आमचा नियम. नव्या पोरांना मीच तो शिकवते. पण तुझे जोडलेले हात डोळ्यांपुढे आले. तुला पुन्हा खोकायला लावायचा धीर झाला नाही, आणि मी स्वच्छ म्हणून सही केली. आज नळीतून काढलेल्या कफात तो जंतू खच्चून भरलाय. औषध पुन्हा सुरू केलंय. चार दिवस तू त्याविना होतास, माझ्यामुळे.

मला शिव्या दे, पण डोळे उघड.
तुझी,
भिंगू

शनिवार, ता. १५

चि. भिंगूस,
अ. आ.

काल ह्यांचं सामान पिशवीतून आलं. चष्मा, कंगवा, उशीखालचा तुझा रिपोर्ट. चुरगळू नये म्हणून त्याला पुठ्ठा लावला होता. रडू आवरत नाही, पण एका गोष्टीचा आधार वाटतो. परकं माणूस असतं तर वाटलं असतं, कुणी नीट पाहिलं तरी होतं का. इथे तर सख्ख्या बहिणीनेच पाहिलं. तू काही कमी पडू दिलं नाहीस, हे मी सगळ्यांना सांगते.

तुझं अकरा तारखेचं पत्र बंदच परत आलंय. वाचून दाखवायची वेळच आली नाही, असा निरोप नर्सताईंनी दिला. वर ह्यांचं नाव आहे, म्हणून मी फोडलं नाही. रविवारी माझं कोंडणं संपतंय, तेव्हा ये. ह्यांच्या फोटोपुढे तूच वाच, मी शेजारी बसून ऐकेन.

वाट पाहते.
तुझी,
वहिनी