कलहंसाच्या पंखाचं हाड

३ मार्च, सोमवार
संग्रहालयात आजपासून माझ्या टेबलावर कलहंस. लाखो वर्षांपूर्वीचा, आताच्या कलहंसाच्या दुप्पट. जातच नामशेष. त्याचं पंखाचं हाड दगडातून मोकळं करायचंय. पायांची हाडं बरीच मिळालीत, पंखाचं जगात एवढं एकच सापडलंय. आमच्या विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, घाई करू नका. वीस वर्षं हेच काम करणाऱ्याला हे सांगायचं? संकल्प : दहा दिवसांचं काम पाचात.

७ मार्च, दुपारी ३.१०
हाड मोडलं. म्हणजे मी मोडलं नाही. मी सुई लावली, तेव्हा ते मोडलं. फरक आहे.

७ मार्च, ५.४०
दोन्ही तुकडे चिकटवले. जोड मलाही दिसत नाही. मधल्या भागाचा चुरा झाला होता, तो झाडून टाकला. बोटाच्या पेराएवढाच असेल. सोमवारी मॅडमना शांतपणे सांगेन.

१० मार्च
सांगणारच होतो. त्यांनी आधीच कौतुक केलं. अशा वेळी मध्ये बोलणं बरं दिसत नाही.

१२ मार्च
मॅडमनी हाड तीनदा मोजलं. म्हणाल्या, एवढ्या अंगाला पंख फारच आखूड, हा उडत नसणार. मोठा शोध आहे. पंख आखूड का, ते मला माहीत आहे. पण खरंच उडत नसेल तर? कोणी पाहिलंय?

१४ मार्च
जेवण जात नाही. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, एका पक्ष्याची काळजी वाटते. ती म्हणाली, तो मेलाय ना कधीचाच?

१७ मार्च
मॅडमचा शोधाबद्दलचा लेख उद्या छापायला जाणार. शेवटी माझे आभार : ‘निष्णात हात’. वाचवेना. उद्या चहाआधी सांगायचंच.

१८ मार्च, १०.५०
चहा झाला. उपाशीपोटी हिंमत कशी येणार?

१८ मार्च, १२.००
मॅडमचं बोट लेख पाठवायच्या बटणावर होतं. थांबा म्हटलं. सगळं सांगितलं. मॅडमनी विचारलं, तो चुरा कुठाय? म्हटलं, झाडून टाकला. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, हाडं मोडतात हो. पण तुम्ही अकरा दिवस माझ्यासमोर बसून होतात.
मी जाऊन कचऱ्याचा डबा पाहिला. रिकामा.

२१ मार्च
लेख रद्द. कलहंस उडायचा की नाही, आता कोणालाच कळणार नाही. माझी बदली पाट्या लिहायला. आज ‘कृपया हात लावू नये’ अशा चाळीस लिहिल्या. अक्षर झकास आलंय. पहिली पाटी मॅडमनी स्वतः नेली आणि माझ्या जुन्या टेबलावर ठेवली.