हिच्या पोटातले गडी

३ जाने.
धार काढताना ही गोठ्यात घसरली. डावं मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं! तरी उजव्या हातानं उरलेली धार काढली आणि मग म्हणाली, "आता न्या बारामतीला." एवढा संसार झाला, बाई अजून कळली नाही मला.

४ जाने.
प्लास्टर घातलं. तपासणीत हाडं ठिसूळ निघाली. डॉक्टरबाईंनी विचारलं, "दूध पिता का?" चार गाई, पण दूध सगळं डेअरीला, घरात चहापुरतं. शिवाय पोट बिघडलं की मेडिकलमधून अँटिबायोटिक आणायचं, न विचारता. "त्यानं आतड्यातले चांगले जिवाणूही मरतात. हाडांना त्यांचाही आधार असतो," डॉ. म्हणाल्या.

६ जाने., काटेवाडी
परवापासून डोक्यात तेच. आपल्याला न पचणारा चोथा हे जिवाणू खातात, त्याचं आम्ल करतात, मग कॅल्शियम अंगी लागायला मदत होते. हाडांची झीजही आवरत असावेत. संशोधन चालू आहे, दिलेल्या हाडांच्या गोळ्या सोडायच्या नाहीत, असं डॉ.नी बजावलंय. पण काय जीव आहेत! डोळ्याला दिसत नाहीत, पगार नाही, सुट्टी नाही. हिला सांगितलं तर म्हणते, "म्हंजी माझ्यावानीच की." हसून पुरेवाट.

१५ जाने.
आता तांब्याभर दूध घरी. ताक, ज्वारीची भाकरी, मटकी, शेपू. ही जेवताना पोटावर हात ठेवून म्हणते, "खावा रं गड्यांनो." कौतुक वाटतं.
गाई मला पान्हा सोडत नाहीत. लाथा खातोय. ही नुसती दारात येऊन "ए बया" म्हणाली की शहाण्यासारख्या उभ्या. इंदापूरचा व्यापारी चौघींना बघून गेला. हातात जोर आला नाही तर विकाव्याच लागतील. त्या गेल्या तर ही कशी राहील, याचीच धास्ती.

१७ फेब्रु.
प्लास्टर निघालं. हात पार वाळलाय. हाडं किती भरतील, डॉ. आत्ताच सांगू शकत नाहीत. वेळ लागेल म्हणाल्या.
घरी आल्यावर तडक गोठ्यात. मला हाक मारली, माझं बोट डाव्या मुठीत धरलं आणि ओठ आवळून दाबलं.
"दुखलं का?" हिनं विचारलं.
"लई."
दुखलं नव्हतं. उद्या व्यापारी उत्तर मागायला येतोय.