फॉर्मल नाईटला मी जाणार

७ जानेवारी, बुधवार

सकाळपासून ग्रुपवर नुसती हाणामारी! रोज रंकाळ्यावर फिरायला जाणारी आम्ही बारा जोडपी, समुद्रावरच्या मोठ्या बोटीची सहल ठरलेली, अजून पंचगंगा ओलांडली नाही आणि भांडण कशावरून — तर जेवायला काय घालायचं!

राजवीरनं कार्यक्रम टाकला. ओळखीतला ट्रॅव्हलवाला पोरगा, सहलीची सगळी जमवाजमव तोच करतोय. मुंबईहून निघायचं, गोवा, मग कोची. त्यात दुसऱ्या रात्री 'फॉर्मल नाईट'. मोठ्या हॉलमध्ये जेवायचं असेल तर पुरुषांनी कोट नाहीतर आपला देशी पोशाख, बायकांनी ठेवणीतली साडी. हाफपँट, टी-शर्ट, चपला चालणार नाहीत. ज्यांना नको त्यांनी वरच्या मजल्यावर बुफेला जावं, अंगावर असेल त्यात.

आकारामभाऊजी पेटले. यांचे शाळेपासूनचे दोस्त. आवाजी मेसेज टाकला, "पैसं आपलं, प्वाट आपलं, आन् कापडं त्येंच्या मर्जीची? आमी काय वरातीतलं बँडवालं हाय काय?" खाली अंगठेच अंगठे.

मग कुणीतरी विचारलं, कोल्हापुरी चप्पल तरी चालते का? राजवीरनं बोटीच्या कंपनीकडून उत्तर आणलं — पुरुषांच्या पायाची बोटं दिसता कामा नयेत. झालं! "आमच्या चपलंला न्हाय म्हनत्यात? मग आमी बी न्हाय म्हनतो!" दुपारपर्यंत निम्मा ग्रुप बुफेच्या बाजूला.

यांनी एकच ओळ टाकली. 'आम्ही दोघे बुफे.'

मला विचारलं? नाही. आम्ही दोघे म्हणे!

८ जानेवारी, गुरुवार

संध्याकाळी यांच्याजवळ विषय काढला. "जेवायला त्वांड लागतंय, कोट न्हाय," म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. आमच्या उदयसिंह सरकारांनी निकाल दिला.

प्रियदर्शनीचा, म्हणजे आकारामभाऊजींच्या बायकोचा फोन आला. तीही विरोधातच. "सुट्टीला जाऊन बी इस्त्री करायची? आन् ती करनार कोन, आपुनच की!" खोटं नाही बोलली. पुरुष कोट घालणार म्हणजे बाई आधी तासभर राबणार.

तरी मला वाटतं ती रात्र असावी. कुणाला सांगितलं तर हसतील. कोटाचं मला काही पडलेलं नाही. पण माणूस हातपाय धुऊन, चांगलं नेसून समोर येऊन बसला म्हणजे त्यानं समोरच्याची दखल घेतली. कपडे आपण आपल्याला बघायला घालतो का? समोरचा बघतो म्हणून घालतो. आणि समोर मी असणार. कधी नव्हे ते मी बसणार आणि दुसरं कुणीतरी वाढणार.

सासूबाई गेल्यावर मी डायनिंग टेबल घेतलं. दोघांपुरतं, दोन खुर्च्यांचं. त्यांचं सहा वर्षं अंथरुणातलं केलं, भरवण्यापासून सगळं. त्या दिवसांत बसून जेवल्याचं आठवत नाही. म्हटलं, आता निवांत समोरासमोर बसू, गरम गरम जेवू. जेवलोही काही महिने. बरं चाललं होतं. यांची चेष्टा-मस्करी चालायची.

मग एक दिवस हे ताट उचलून हॉलमध्ये गेले. टीव्हीसमोर, माझ्याकडं पाठ करून. तेव्हापासून तिथंच. "वाढून ठेव आन् जा तू." मी जाते. ओट्याशी उभ्यानं उरलंसुरलं खाते. एकटीसाठी टेबलावर काय मांडायचं! टेबलावर आता इस्त्रीचे कपडे असतात.

काय समजायचं ते समजले मी. माझं तोंड बघत जेवणं नको झालंय. चोवीस तास घरात दोघंच, कंटाळा आला असेल. मलाही येतो की! पण मी ताट घेऊन पळाले नाही.

११ जानेवारी, रविवार

मटण केलं. "रस्सा नको, नुसतं सुकं दे." कोल्हापूरचा माणूस आणि तांबडा रस्सा नको! पित्त होतंय म्हणे. पातेलंभर रस्सा शेजारी दिला. ते लोक खूश.

अंतराचा पुण्याहून फोन. "आई, बाबांचं बाबा बघतील. तू एकटी जा गं त्या डिनरला." हिला बोलायला काय जातंय!

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ हातावर ठेवला, गोड बोला म्हटलं. "हं," म्हणाले.

१७ जानेवारी, शनिवार

अंतराच्या लग्नातला यांचा बंद गळ्याचा कोट काढला. लॉन्ड्रीतून आणला, पांढरा शर्ट घरीच कडक इस्त्री केला. हे बघत होते. "कशाला नाटकं?" म्हणाले.

सध्या यांना टी-शर्टचं वेड. डोक्यातून ओढायचा की झालं. चांगले शर्ट कपाटात नुसते लोंबताहेत. तालमीच्या कार्यक्रमाला जायचं तरी टी-शर्ट! लोकांना वाटत असेल बायको कपडे धुत नाही.

राजवीरला गुपचूप फोन केला. म्हटलं, फॉर्मल नाईटला आमच्या दोघांचं वेगळं टेबल मिळेल का रे, छोटं? "काकी, फुल्ल रोमँटिक!" हसला मेला. पण करतो म्हणाला.

यांना सांगितलेलं नाही. तिथं गेल्यावर सांगेन. एक जेवण, समोरासमोर. बाकी काही मागत नाही.

दमले. बोटीवर पाय ठेवायच्या आधीच दमले.

२१ जानेवारी, बुधवार, बोटीवर

बोट कसली, आमच्या कोल्हापुरातली अख्खी राजारामपुरी पाण्यावर तरंगतेय! लिफ्ट काय, दुकानं काय. आकारामभाऊजी दर मजल्यावर हरवतात आणि दर मजल्यावरून प्रियदर्शनीला हाका मारतात. परदेशी बाया दचकून बघतात.

हे मात्र खिशात हात घालून हिंडतात, हिरोसारखे. दुपारी बुफेला मी ताट भरून येईपर्यंत यांचं उरकलेलं. "झालं माझं. तू खा सावकाश." आणि निघून गेले कठड्याकडं! समुद्र बघायला. समुद्र पळून चाललाय का?

एवढे पदार्थ होते. काय खाल्लं, काही विचारलं नाही मी.

२३ जानेवारी, शुक्रवार

कालचं लिहायचं नव्हतं. पण लिहिल्याशिवाय उतरणार नाही.

दुपारी आकारामभाऊजींनीच पलटी मारली. हॉलच्या दारातून आत डोकावून आले — झुंबरं, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ — आणि म्हणाले, "बुफेला काय, रोजच हाय. चला, आज कोट घालून बघू की!" कोट भाड्यानं मिळतो म्हणे बोटीवर. बघता बघता सगळा ग्रुप तयार. हेही म्हणाले, "बघू." यांचं बघू म्हणजे निम्मं हो. मी हुरळले. मग टेबलाचं सांगितलं. त्यालाही नाही म्हणाले नाहीत.

शर्ट, कोट पलंगावर काढून ठेवला. मी आवरलं. मोरपंखी नारायणपेठ नेसले, कानात मोत्याच्या कुड्या घातल्या. आरशात बघून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, छान दिसत होते!

बाहेर आले तर हे खिडकीकडं तोंड करून उभे. शर्ट अंगात, पण पुढून सगळा उघडा.

"अजून आवरलं नाही?"

"बटनं लाव की जरा."

वळलेसुद्धा नाहीत. खिडकीकडं बघूनच हुकूम! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, लहान पोर आहात? सगळ्यांचं करता करता माझी कंबर मोडली, आता बटणंही मीच लावू? एक दिवस, एक दिवस तरी स्वतःचं स्वतः आवरायचं होतं!

"ऱ्हाऊ दे. जा तू."

परत तेच, जा तू. गेले. दार आपटून गेले.

दोघांचं टेबल, खिडकीशी. वेटरनं खुर्ची ओढून दिली, मांडीवर रुमाल पसरला. मग समोरच्या खुर्चीकडं बघून विचारलं, साहेब येणार आहेत? म्हटलं, नाही. त्यानं समोरचं ताट उचललं. मग ग्लास. मग एकेक चमचा. किती हळू उचलत होता! त्याला बिचाऱ्याला वाटलं असेल आवाज नको व्हायला. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"वैनी, एकट्या काय बसलाय? हिकडं या की!" आकारामभाऊजी पलीकडून ओरडले. हॉलभर ऐकू गेलं. त्यांचा कोट पोटावर ताणलेला, बुटांनी पाय धरलेले, अवतार नुसता! पण प्रियदर्शनीची खुर्ची त्यांनी स्वतः ओढली. ती नंतर म्हणाली, "लगीन झाल्यापासनं आज पयल्यांदा मला 'बस' म्हनले बघ." लाजली होती.

मी गेले नाही त्यांच्याकडं. जिथं होते तिथंच बसले. वाढलेलं सगळं खाल्लं. सूप, भात, कसलासा मासा, दोन गोड पदार्थ. सगळं गरम. रडले नाही. रागात मला रडू येत नाही. हेवा वाटला मात्र, प्रियदर्शनीचा. खूप वाटला.

खोलीत आले तर हे झोपलेले, नाहीतर झोपल्याचं सोंग. शर्ट खुर्चीवर नीट घडी करून ठेवलेला. वरचं एक बटण लावलेलं होतं, तेही चुकीच्या काजात.

आज सकाळपासून मी बोलत नाही. तेही बोलत नाहीत. कोची आलं म्हणे. सगळे उतरलेत.

एक ठरवलंय. घरी गेल्यावर ओट्याशी उभ्यानं जेवणार नाही. टेबल पुसायचं, बसायचं आणि गरम जेवायचं. ते कुठं बसतात ते त्यांचं त्यांनी बघावं.

२५ जानेवारी, रविवार

घरी. कपडे धुण्यात दिवस गेला. ग्रुपवर फोटोंचा पाऊस. आकारामभाऊजींचा कोटातला फोटो आता त्यांचा डीपी! वर मेसेज, 'फॉर्मल नाईट पाहिजेच. ज्यांनी विरोध केला त्यांचा निषेध.' मीच विरोध केला होता जणू!

सगळ्यांचे जोडीनं फोटो आहेत. आमचा नाही.

२६ जानेवारी, सोमवार

टेबलावरचे कपडे उचलले. पुसलं. यांचं ताट हॉलमध्ये दिलं आणि माझं टेबलावर मांडून बसले. भाकरी तव्यावरची, वांग्याची भाजी, दही. हॉलमधून बातम्यांचा आवाज.

गरम होतं सगळं. पण वाटलं होतं तेवढं बरं वाटलं नाही. समोर भिंत.

२७ जानेवारी, मंगळवार

आज यांना वाढलं आणि माझंही ताट घेऊन हॉलमध्ये गेले. टीव्ही बंद केला. खुर्ची ओढून बरोबर त्यांच्या पुढ्यात बसले. म्हटलं, होऊन जाऊ दे काय व्हायचं ते.

"जा तू."

"न्हाय जात. जेवा."

ताट जरा जवळ ओढलं. मग आमटीची वाटी उचलली. हात असा थरथर कापला की निम्मी आमटी मांडीवर! वाटी ठेवली. घास घेतला, तो तोंडापर्यंत पोचेतोवर अर्धा ताटात सांडला. उजवा हात. यांचा एवढा दणकट हात!

"कधीपासनं?"

"वरीस झालं."

वर्ष! आणि मी काय काय समजून बसले होते! माझं तोंड नको झालंय, कंटाळलेत.

"मला सांगायचं न्हाय?"

मान वर केली नाही. "आईला सहा वरसं भरवलंस. सगळी झिजलीस त्यात. आता परत घास घिऊन माझ्याम्होरं बसशील... मला न्हाय बघवायचं ते."

उद्या डॉक्टरांकडं जायचं. अंतराला अजून फोन केलेला नाही.

जेवताना मी हात पुढं केला नाही. भरवलं नाही. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, तरी माझं मी जेवत राहिले. मग तेही जेवायला लागले. सांडत होतं, पण जेवले. भात परत मागून घेतला.