अडतीस हा आकडा

प्रिय धाकटे,

रविवार, १२ मे, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. तरणतलावाच्या ऑफिसात, तुझं क्रीम घेणाऱ्या बारा बायकांच्या देखत तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "चूक माझी आहे, मीच लेबलावर नको ते छापलं." मला एका शब्दाने न विचारता. मी तुझ्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते, परगावी गेले नव्हते. मला याचा भयंकर राग आला आहे आणि तो लेखी नोंदवते आहे.

कॉन्व्हेंटमध्येही तुझं हेच. शाई कोणीही सांडो, हात तुझा वर. सिस्टर तुला गुणी म्हणायच्या, मी बावळट म्हणायचे. माझं मत अजून बदललेलं नाही.

काल मी पोहणं शिकवणाऱ्या बाईंकडे जाऊन आले. त्यांच्या खांद्यांची सालं अजून निघताहेत. पाठ भाजून लाल झाली आहे, पोहण्याच्या कपड्याच्या पट्ट्यांखाली तेवढी कातडी शाबूत. तीन आठवडे पाण्यात उतरायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि बाई चिडलेल्याही नाहीत. "क्रीम नेमाने लावलं हो. डबीवर एसपीएफ अडतीस वाचलं आणि निर्धास्तपणे दुपारभर उन्हात उभी राहिले," एवढंच म्हणाल्या. चिडल्या असत्या तर घरी येऊन मला दोन घास तरी गेले असते.

मेहुणे गेल्यावर तू स्वयंपाकघरात मेण वितळवायला लागलीस, तेव्हा मी त्याला म्हातारपणची भातुकली म्हणाले होते. तू हसलीस आणि ढवळत राहिलीस. पहिल्या डबीचं लेबल तू हाताने लिहून मला दाखवायला आणलंस: गाजराच्या आणि रासबेरीच्या बियांचं तेल, त्वचा मऊ राहते, उन्हात जाताना टोपी घालाच. मी लाल पेन काढलं आणि शेवटची ओळ खोडली. क्रीम विकतेस की आजीबाईचे सल्ले, असं विचारलं. वर म्हटलं, लोकांना ऊन किती अडतं त्याचा आकडा लागतो, तो मी आणून देते.

आणून दिलाही. माझ्या जुन्या प्रयोगशाळेत गेले. जिला मी पिपेट धरायला शिकवलं ती आता माझ्या खुर्चीत बसते. तिने चहा दिला आणि माझ्या छातीवर 'पाहुणे' असा बिल्ला लावला. सव्वीस वर्षं जिथे काम केलं तिथे पाहुणे. मग जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास तिने मला प्रकाश किती अडतो ते मोजायचं मशीन वापरू दिलं. मी तुझं गाजराचं तेल स्पिरिटमध्ये विरघळवलं, काचेच्या नळीत घालून मशीनमध्ये ठेवलं, एकदाच मोजलं आणि गणित मांडलं. अडतीस.

आता नीट वाच. ते तेल ऊन थोडंफार अडवतं, हे खोटं नाही. पण मी मोजलं ते नळीतलं नुसतं तेल. तुझ्या क्रीममध्ये शंभर भागांत ते चार भाग असतं. क्रीमचा थर देऊन, तीन वेळा मोजून, आणि शेवटी माणसांच्या कातडीवर पाहिल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही, हे मीच मुलींना घोकून घोकून शिकवलं. ते सगळं मला त्या वेळीही माहीत होतं. तू फोनवर दोनदा विचारलंस, "ताई, हा आकडा तेलाचा की क्रीमचा?" मी म्हणाले, प्रयोगशाळेत नोकरी तू केलीस की मी? तू छापून आणलंस. मला एवढंच हवं होतं, की कुठल्यातरी कागदावर अजून माझा एक आकडा असावा.

रविवारी उभं राहण्याआधी तू माझ्याकडे पाहिलंस. मी पर्सची चेन बघत होते. ती उघडीही नव्हती. तू बोलत असताना मला वाटलं ते लाजेचं नव्हतं, सुटकेचं होतं, आणि राग त्याचाच आहे. आता भाची सांगते, की तू पातेली भंगारात द्यायला काढली आहेस, उरलेल्या डब्या फेकून धंदा बंद करणार आहेस. म्हणून हे पत्र. सोबत एक कागद जोडला आहे. मी काय मोजलं, कसं मोजलं, कोणती ओळ खोडली, सगळं लिहून खाली सही केली आहे. येत्या रविवारी अकरा वाजता त्याच बायकांसमोर, बाईंना बोलावून, मी तो वाचणार आहे. पण त्याने तू गेल्या रविवारी खोटं बोललीस हेही उघड होईल, म्हणून तुझी परवानगी मागते. ती मला लेखी हवी, शनिवार, १८ मे, संध्याकाळी सहाच्या आत. तोवर एक पातेलंही घराबाहेर जाता कामा नये. आणि फोन करू नकोस. फोनवर तू "जाऊ दे गं, ताई" म्हणशील, आणि मी जाऊ देईन.

तुझीच,
थोरली